जुन्या फ्रॉकवरून

शांताक्का: ...थांब, मधे बोलू नकोस. तुझा फायदा मी मोजते, कुठे चुकलं तर सांग. सून घरात राहिली की इंदिराबाईंच्या नातीच्या लग्नाचे ब्लाउज वेळेवर जातात, हा पहिला. इंदिराबाईंचं घराणं जुनं, राजाच्या फौजेतलं. त्यांच्या मांडवात तुझी शिलाई मिरवली की पुढच्या मोसमात त्यांची सगळी सोयरीक तुझ्या पायरीवर येऊन बसते, हा दुसरा. आणि विठ्ठलमंदिरात भजनाला बसलास की लोक सरकून तुला पुढे जागा देतात. हा तिसरा, आणि तुझ्या मनातला पहिला.

रंगराव: अक्का, काल तू उगादीला म्हणून आलीस. कडुनिंब खाल्लास, गूळ खाल्लास, पुरणाची होळिगेही खाल्लीस. आज माझ्याच दुकानात बसून माझाच हिशेब मांडतेस?

शांताक्का: दुसऱ्याच्या दुकानात बसून तुझा हिशेब मांडला असता तर बरं दिसलं असतं का? आता दुसरी बाजू ऐक. एवढं सगळं मिळवायला रंगराव टेलरनी करायचं काय? काहीच नाही. तुंगाला आज दवाखान्यात पाठवायचं नाही. अष्टे. एवढंच.

रंगराव: पाठवायचं नाही असं मी म्हणालो? लग्न होऊ दे म्हणालो. गुरुवारी लग्न, शुक्रवारी सकाळी मी स्वतः रिक्षात घालून नेतो. नात माझी आहे, अक्का. शेजाऱ्याची नव्हे.

शांताक्का: डॉक्टरीण आज म्हणाली. संध्याकाळपर्यंत खाट राखून ठेवते, माय-लेकींना दोन आठवडे राहावं लागेल म्हणाली. मी आणि कावेरी सकाळपासून तिथंच होतो. तू काय समजलास, बागेत फिरायला गेलो होतो?

रंगराव: डॉक्टरांचं असंच असतं. पोरीला ताप नाही, खोकला नाही. चालते, बसते, हाक मारली की बघते. आजार काय आहे, ते तरी नीट सांगितलं का?

शांताक्का: सांगितलं. दंडाला कागदाचा पट्टा बांधला, तो लाल रंगावर आला. पोर उपाशी आहे म्हणाली.

रंगराव: अय्यो! हळू बोल, बाहेर गिऱ्हाईक आहे.

शांताक्का: गिऱ्हाईक कुठलं, ती गाय आहे.

रंगराव: उपाशी! माझ्या घरात! अगं, दिवसभर तिचं तोंड चालू असतं. हा बघ, कातरीशेजारी बिस्किटाचा डबा. रडायच्या आत मी तिच्या हातात बिस्किट ठेवतो. कॉफीत बुडवून देतो, दात नाजूक आहेत म्हणून. येणाऱ्या बायका चॉकलेट देतात. या अग्रहारात माझ्या नातीइतकं कुठलं पोर खात असेल तर दाखव.

शांताक्का: तेच सांगितलं मी डॉक्टरणीला, अगदी तुझ्यासारखं छाती काढून. ती म्हणाली, आजी, पोट भरतं पण पोर भरत नाही. बिस्किटानं आणि कॉफीनं भूक मरते, मग जेवायच्या वेळी पोर तोंड फिरवते आणि तुम्ही म्हणता, खातच नाही. मी गप्प बसले, रंगा. तुला ठाऊक आहे, मी किती वेळा गप्प बसते ते.

रंगराव: आपल्या घरात सगळे बारीकच. तूच म्हणालीस ना, बारशाला? बांधा नाजूक आहे, आपल्या आईवर गेली आहे म्हणून?

शांताक्का: म्हणाले. आणि दर खेपेला बिस्किटाचा पुडाही मीच आणते, चामराजपुरमच्या बेकरीतला, लोणी जास्त असतं म्हणून. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण काल तिला तेल लावून न्हाऊ घातलं तेव्हा पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. एरवी तू तिला कधी उघडी दिसू देतोस? सकाळी उठल्यापासून फ्रॉक. त्याला अस्तर, कमरेला चुण्या, फुग्याची बाही, खाली दोन झालरी. चामराजपुरमच्या अर्ध्या बायका तुझ्या ब्लाउजात बारीक दिसतात म्हणून तुझं नाव. आणि ही एक तुझ्या शिलाईत गुटगुटीत दिसत होती. फ्रॉक काढला आणि आत पोरच नव्हती रे. बरगड्या मोजता येत होत्या. मी तेलाची वाटी खाली ठेवली. कावेरीकडे पाहिलं तर ती भिंतीकडे बघत होती.

रंगराव: तिनं मला कधी सांगितलं नाही.

शांताक्का: सुनेनं सासऱ्याला काय काय सांगायचं? सत्या असता तर त्याला सांगितलं असतं. तो पाहुण्यांना घेऊन आज उटी, उद्या कूर्ग. घरी येतो तो झोपायला.

रंगराव: पोराची चाकरी आहे ती. गाडी चालवतो, चोऱ्या करत नाही.

शांताक्का: चोरी कुणीच करत नाही या घरात. म्हणून तर कळत नाही, गेलं कुठं ते.

रंगराव: आणि ती अंगणवाडीची बाई? वरलक्ष्मी? ती आली होती ना घरी तराजू घेऊन? तिच्या कार्डावर निरोगी पोरांच्या हिरव्या पट्ट्यात आहे आपली तुंगा. सरकारी कार्ड आहे. ते खोटं, आणि तुझी डॉक्टरीण खरी?

शांताक्का: वजन केलं तेव्हा अंगावर काय होतं तिच्या?

रंगराव: काय म्हणजे? फ्रॉक होता. रेशमी, जरीचा.

शांताक्का: आणि?

रंगराव: पैंजण होते. वाळे होते. कमरेला चांदीची साखळी. लोकांसमोर पोरीला काय तशीच नेऊ?

शांताक्का: वरलक्ष्मी म्हणाली नव्हती का, हे सगळं काढा म्हणून?

रंगराव: म्हणाली. मी म्हणालो, आमच्या घरची मुलगी चारचौघांत उघडी व्हायची नाही. आधीच तिला भाजीसारखी झोळीत टांगली होती. गल्लीतले लोक बघत होते, अक्का.

शांताक्का: हौदप्पा, बरोबर! म्हणजे कार्डावर हिरवी कोण झाली? तुझी जर, तुझं अस्तर आणि सोनाराची चांदी.

रंगराव: तू थट्टा कर. लहानपणापासून तेच करत आलीस.

शांताक्का: थट्टा नाही केली तर रडू येईल, म्हणून करते.

(आत चालू असलेलं शिवणयंत्र थांबतं. कावेरी तुंगाला कडेवर घेऊन दारात येते.)

कावेरी: मामा, मी पिशवी भरली.

रंगराव: कसली पिशवी? काजं झाली का?

कावेरी: दोन ब्लाउजांची राहिलीत. बाकीची घडी करून ठेवलीत.

रंगराव: बघ, अक्का, किती शहाणी आहे! सुम्ने, उगाचच आपण दोघं भांडत बसलो. कावेरी, ऐक. जायचंच असेल तर जा, मी अडवत नाही. पण ते दोन ब्लाउज पिशवीत घाल. हूक, काजं, हातशिलाई. तिथं नुसती बसूनच राहायचं ना दोन आठवडे? बसल्या बसल्या होईल. इस्त्रीवाला गुंडू संध्याकाळी येऊन घेऊन जाईल.

शांताक्का: रंगा!

रंगराव: काय चूक बोललो? दोन्ही कामं होतात.

कावेरी: मीही सकाळी तेच विचारलं, आत्या. सिस्टरला. शिवण आणलं तर चालेल का म्हणून.

शांताक्का: तू विचारलंस?

कावेरी: सवयीनं तोंडातून गेलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दर दोन तासांनी दूध भरवायचं, त्यात साखर आणि तेल मोजून घातलेलं. चमच्यानं, हळूहळू. रात्रीसुद्धा. एकदम जास्त दिलं तर तिला झेपायचं नाही. मधल्या वेळात तिला मांडीवर घ्यायचं, तिच्याशी बोलायचं, खेळायचं. म्हणाल्या, हात मोकळे ठेवूनच या.

रंगराव: खेळायचं? हे औषध?

कावेरी: हो. औषधाच्या कागदावरच लिहिलंय.

रंगराव: ती खेळत नाही कुठं? इथं कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत बसते दिवसभर. कुणाला त्रास नाही. सगळ्या बायका म्हणतात, रंगराव, तुमची नात किती गुणी, रडत नाही की हट्ट नाही.

कावेरी: डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी रडते का. मी पण तसंच सांगितलं, गुणी आहे म्हणून. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

रंगराव: का?

कावेरी: रडायलाही अंगात काहीतरी लागतं, म्हणाल्या.

शांताक्का: इकडे दे तिला माझ्याकडे. ये ग, बाळा. बघ, येतेसुद्धा कशी, कुणीही घेतलं तरी चालतं हिला.

रंगराव: मी एक विचारतो, कावेरी. रागावू नकोस. आई आहेस ना तू? तुझं लक्ष कुठं होतं?

कावेरी: यंत्रावर, मामा.

शांताक्का: घे. आता दे उत्तर.

कावेरी: मला बोलू द्या, आत्या. थोडंच बोलते. बाळंतपणातून उठले तेव्हा उगादीचे कपडे आले होते. मी पाजायला बसले की तुम्ही बाहेरून खाकरायचात. ओरडला नाहीत कधी. नुसते खाकरायचात. मग मी लवकर उठायचे. उठत गेले, उठत गेले, दूध आटलं.

रंगराव: मी तुला ऊठ म्हणालो नाही.

कावेरी: नाही म्हणालात. मग आत्यांनी दुधाच्या पावडरीचा डबा आणला.

शांताक्का: मीच. चांगल्यातला, परदेशी चित्राचा.

कावेरी: डब्यावर चमच्यांची चित्रं होती, एवढ्या पाण्याला इतके चमचे. तुम्ही म्हणालात, माप म्हणजे एक चमचा, सपाट. शिलाईच्या टेपासारखं, ना वर ना खाली. आणि बाटली भरलेली दिसायला हवी, म्हणून पाणी वरपर्यंत. डबा पुष्कळ दिवस गेला. तुम्हाला बरं वाटलं.

रंगराव: सपाटच असतं माप.

कावेरी: मग तिला दात आले. माझ्या आईनं गावाहून, वरुणाहून, रागी म्हणजे नाचणी पाठवली. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली, सोबत शेंगदाण्याचं कूट वेगळं. आम्ही सगळी भावंडं त्याच सरीवर, त्या पेजेवर वाढलो. दुधात शिजवून दोनदा द्यायची, एवढंच आई म्हणाली होती. तुपाची बरणीही होती.

रंगराव: ते मला आठवतं. ते मी... अगं, त्या दिवशी इंदिराबाईंच्या घरची माणसं माप द्यायला आली होती. पोर तोंडभर काळपट पेज माखून समोर बसलेली. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, हे काय, रागी घालता का पोरीला? हसत विचारलं. मला कसंतरी झालं. रागी म्हणजे शेतातल्या गड्याचं खाणं. आपलं आजोळ, पणजोळ सगळं शिंप्याचं, भाताचं. तूच सांग, अक्का, आपल्याकडे कधी होती रागी?

शांताक्का: नव्हती. मी पण हसलेच असते. पुढे काय केलंस त्या पिठाचं?

रंगराव: फेकलं नाही. अन्न आहे. गुंडूला दिलं.

शांताक्का: इस्त्रीवाल्या गुंडूला? दर महिन्याला?

रंगराव: येत होतं तोवर.

शांताक्का: आणि गुंडूची धाकटी तुंगाहून लहान. काल गुढीपाशी दोघी शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, ही थोरली का रे? तो लाजला बिचारा. मला वाटलं, पोरीच्या उंचीचा अभिमान वाटून लाजला.

कावेरी: वरलक्ष्मी मॅडम तर दोनदा बोलवून गेल्या. दुपारचं जेवण तिथं देतात, आणि अंडं.

रंगराव: आता ते तरी मला सांगू नका. गळ्यात माळ आहे माझ्या. या घरात अंडं शिरलेलं नाही, शिरणारही नाही.

कावेरी: मी विचारलं होतं, मामा. नको असेल त्याला केळं देतात. तुम्हाला सांगितलंही. तुम्ही म्हणालात, केळं घरातही आहे, पण माझी नात ताट घेऊन रांगेत बसायची नाही.

रंगराव: घरात होतंच केळं.

कावेरी: देवापुढे होतं.

शांताक्का: पुरे, कावेरी. त्याचा चेहरा बघ.

रंगराव: नाही, बोलू दे तिला. पण तुम्ही दोघी एक विसरता. मी उभ्या आयुष्यात माणसं मापली. बाई पायरी चढतानाच मला कळतं, दोन बाळंतपणांत किती सुटली ते. माझ्याच घरात, माझ्या टेबलाखाली पोर झिजते आणि मला कळणार नाही? तो कागदाचा पट्टा बांधला म्हणता ना दंडाला, लाल रंग आला म्हणता? कागद तो. ओढला की घट्ट होतो. आण तिला इकडे. माझा टेप काही रंग दाखवत नाही, खरं सांगतो.

शांताक्का: घे मग. पण बाहीवरून नाही. फ्रॉक काढ आधी.

रंगराव: वाऱ्यात?

शांताक्का: चैत्रात कसला वारा? काढ.

रंगराव: ये, राणी. हात वर कर. शहाणी. हा असा दंड... थांब, टेप नीट बसला नाही. हलू नकोस गं. ती हलत नाहीच. अक्का, हे बरोबर नाही. टेप दुमडला असेल.

शांताक्का: दुमडलेला नाही. मी बघतेय.

रंगराव: परत घेतो.

शांताक्का: घे परत.

रंगराव: तेवढाच येतोय.

शांताक्का: आकडा सांग. गिऱ्हाइकाचा मोठ्यानं सांगतोस ना गुंडूला लिहायला?

रंगराव: नको.

कावेरी: मामा, एक विचारू? कालचा फ्रॉक शिवलात तेव्हा माप किती धरलं होतं?

रंगराव: घेतलंच नाही माप.

शांताक्का: म्हणजे?

रंगराव: लहान पोराचं कोण माप घेतं, अक्का? ते उभं राहत नाही नीट. जुना फ्रॉक कापडावर पसरायचा, चारी बाजूंनी वाढतं घ्यायचं, कापायचं. सगळे शिंपी तेच करतात. बापानं मला तसंच शिकवलं. गेल्या उगादीला मी आत कापड जास्त सोडलं होतं, पोर वाढेल तशी उसवून सैल करायला. दिवाळीला बघितलं, सैल करावंच लागलं नाही. मला वाटलं... तुला हसू येईल.

शांताक्का: नाही येणार.

रंगराव: मला वाटलं, काय बेतलाय फ्रॉक! वर्ष झालं तरी काल शिवल्यासारखा बसतो. इंदिराबाईंनासुद्धा दाखवला. म्हटलं, बघा, ही शिलाई. या खेपेला तर वाढतंही घेतलं नाही. जुन्या फ्रॉकवरून आहे तसाच कापला, आणि तो बसला. काल सगळ्यांसमोर घातला आणि बसला, अक्का.

शांताक्का: घाल तिला परत. थंडी वाजत नसेल, पण झाक.

रंगराव: कावेरी, ते दोन ब्लाउज बाहेर काढ पिशवीतून.

कावेरी: मी घातलेच नव्हते.

रंगराव: बरं केलंस. काजं मी करीन. डोळ्याला दिसत नाही धड, पण करीन. नाही झाली तर इंदिराबाईंना सांगेन, रंगराव टेलरला जमलं नाही. दुसरीकडे द्या.

शांताक्का: त्या देतीलही. लग्नघर आहे, कुणासाठी थांबत नसतं.

रंगराव: देऊ देत. सत्याला मी फोन लावतो. म्हणावं, आज रात्री उटी नाही, दवाखाना. आणि कावेरी, तुझ्या आईला निरोप दे... नको, मीच बोलतो त्यांच्याशी. पुढच्या महिन्यापासून पीठ पाठवा म्हणतो. इथं, माझ्यासमोर शिजव. दुकानात बसून खाऊ दे तिला.

कावेरी: आईनं पाठवणं बंद केलंय, मामा. तिला गुंडूचं कळलं होतं.

रंगराव: मग मी जाईन वरुणाला. हात जोडून मागेन. त्या देतील ना?

कावेरी: देईल. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी देईल.

रंगराव: परत आल्यावर वरलक्ष्मीकडेही धाड तिला. रांगेत बसू दे. केळं खाऊ दे. आता सगळं करू आपण. दोन आठवड्यांनी भरून येईल ना ग अंगानं? काय म्हणाल्या त्या?

कावेरी: वजन येईल म्हणाल्या. घरी आल्यावरही असंच सांभाळलं तर येत राहील. हसायला लागेल, मागे मागे फिरेल.

रंगराव: मग झालं तर. देव पावला.

कावेरी: मी उंचीचं विचारलं.

रंगराव: उंचीचं काय? पोर आहे, वाढेल.

कावेरी: वाढेल. पण पहिल्या दोन वर्षांत जे राहून गेलं ते सगळं परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाल्या. काही मुलांचं येतं थोडं. डोक्याचं पण विचारलं मी. शाळेचं, शिकण्याचं. त्या म्हणाल्या, बोलत राहा तिच्याशी. एवढंच म्हणाल्या. मी अजून विचारणार होते, मग नाही विचारलं.

रंगराव: दोन वर्षं म्हणजे... ती तर संपली.

कावेरी: गेल्या माघात.

शांताक्का: रिक्षा आली बाहेर. ऊठ, कावेरी. मी पिशवी घेते, तू पोर घे. मी आज रात्री तुझ्याबरोबर राहते तिथं.

कावेरी: येते, मामा. भात झाकून ठेवलाय.

रंगराव: जा, बाई. अक्का, तू एक क्षण थांब. मघाशी तू माझा फायदा मोजत होतीस. तो तर सगळा मिळाला मला, इतकी वर्षं. सून यंत्रावर बसली, मोठी घरं आली, मंदिरात जागा झाली. मग आता माझ्याकडून काय जायचंय ते पण सांगून जा. जे असेल ते भरतो. लहानपणी तू म्हणायचीस ना, रंगा कुणाचं ठेवत नाही.

शांताक्का: नाहीच ठेवत तू. पण तुझ्याकडे कुणी मागायलाच आलं नाही, रंगा. त्या पोरीकडून परस्पर घेऊन झालं.